खेळण्यांतून महासंगणक

इ. स. २००३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात एक गमतीचे काम चालू होते. तेथील संशोधक खेळण्यांची वेष्टने कापून ती बाहेर काढीत होते. खेळणी एक-दोन नव्हती. चांगली सत्तरच्या घरात होती. दूरदर्शन संचास जोडून ज्यावर मोटारींच्या शर्यती, चेंडूचे सामने आणि राक्षसांशी लढाया खेळता येतात, असे ते 'प्लेस्टेशन २' नावाचे यंत्र. अशा यंत्रास 'गेम कन्सोल' म्हणतात. येथे त्यास खेळयंत्र म्हटले आहे. प्लॅस्टिकची ती घट्ट वेष्टने फोडण्यात संशोधकांचा पुष्कळ वेळ गेला. नंतर त्यांनी ती यंत्रे मांडणीवर ओळीने रचली, तारांनी एकमेकांस जोडली आणि त्यांच्याकडून अणूच्या अंतरंगातील कणांची गणिते करवून घेण्यास आरंभ केला. खेळणे म्हणून विकत घेतलेल्या वस्तूंचा एक महासंगणक तयार झाला होता. खर्च आला सुमारे पन्नास हजार डॉलर. त्या काळच्या नामांकित महासंगणकांची किंमत कोट्यवधी डॉलरांत मोजली जात असे.

महासंगणक म्हणजे असाधारण वेगाने गणित करणारा संगणक. पुढील आठवड्यात वादळ कोठे धडकेल, भूकंपाच्या लाटा जमिनीतून कशा पसरतील, विमानाच्या पंखांवरून हवा कशी वाहील, एखादे औषध शरीरातील रेणूस कोठे चिकटेल, असले प्रश्न कागदावर सुटत नाहीत. त्यांसाठी अब्जावधी बेरजा-गुणाकार करावे लागतात आणि तेही वेळेत. उद्याच्या हवामानाचे उत्तर परवा मिळाले तर त्याचा उपयोग काय? म्हणून मोठमोठ्या प्रयोगशाळा असे संगणक मुद्दाम घडवून घेतात. परंतु जगात मोठ्या प्रयोगशाळा थोड्या आणि प्रश्न घेऊन बसलेले शास्त्रज्ञ फार. लहान विद्यापीठातील संशोधकास दुसऱ्याच्या महासंगणकावर वेळ मागावा लागतो, त्यासाठी अर्ज करावा लागतो, रांगेत थांबावे लागते आणि पैसेही मोजावे लागतात. त्याची कल्पना कितीही उत्तम असो, यंत्र मिळेपर्यंत ती वहीतच राहते.

ही अडचण दूर करण्याचा एक मार्ग १९९४ साली सापडला होता. अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेच्या गॉडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर या दोघांनी बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर घेऊन सोळा संगणकांचा एक संच जोडला. इंग्रजीतील एका प्राचीन काव्याच्या नायकावरून त्यास 'बेओवुल्फ' असे नाव दिले. सोळा सामान्य यंत्रे मिळून एका महागड्या यंत्राचे काम करू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. या संचावर 'लिनक्स' ही कार्यप्रणाली चालत असे. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाच्या सर्व भागांस कामाला लावणारी मूळ आज्ञावली. लिनक्स कोणासही विनामूल्य घेता येते आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलताही येते. ही गोष्ट लहानशी वाटली, तरी पुढील सारी हकीकत तिच्यावर अवलंबून आहे.

अनेक यंत्रांनी मिळून एक गणित कसे सोडवावयाचे? लग्नघरातील स्वयंपाक डोळ्यांसमोर आणला म्हणजे हे सहज उमगेल. पाचशे पोळ्या लाटावयाच्या असतील तर एकटी बाई दिवसभर लाटीत बसेल. तेच काम दहा बायकांनी वाटून घेतले, तर एका प्रहरात आटोपते. कारण एकीची पोळी दुसरीच्या पोळीवर अडून राहत नाही. पण पुरण शिजण्यास जो वेळ लागतो, तो चुलीभोवती दहा जणी बसल्या म्हणून कमी होत नाही. गणितांचेही तसेच आहे. काही गणिते पोळ्यांसारखी असतात, ती वाटून देता येतात. काही पुरणासारखी असतात, त्यांत मागची पायरी पूर्ण झाल्यावाचून पुढची सुरू करता येत नाही. ज्या गणिताची वाटणी होते, त्याच्याच कामी जोडसंगणक येतो. शिवाय वाटणी केली तरी मधूनमधून एकमेकांना विचारावे लागतेच. कणीक संपली, तूप हवे, तवा तापला काय, ही विचारपूस जितकी अधिक, तितका वेळ वाया. जोडसंगणकात ही विचारपूस तारांतून होते. म्हणून यंत्रे वेगवान असूनही तारा मंद असल्या, तर सारा संच खोळंबतो.

आता प्रश्न असा की, साधे संगणक जोडता येत असताना खेळण्यांकडे कोणाचे लक्ष का जावे?

त्याचे कारण खेळातच आहे. पडद्यावरील मोटार वळली की रस्ता, झाडे, डोंगर, सावल्या, सारे काही त्याच क्षणी नव्याने रेखाटावे लागते आणि तेही सेकंदास तीस किंवा साठ वेळा. प्रत्येक चित्र म्हणजे लक्षावधी ठिपके, आणि त्यामागे गुणाकार-बेरजांचा डोंगर. मूल हसत खेळत असते, त्या वेळी यंत्र घाम गाळीत असते. वादळाचे गणित आणि खेळातील धुराचे गणित यांत जातीचा भेद फारसा नाही. ही गोष्ट सरकारांच्याही ध्यानात आली होती. २००० साली प्लेस्टेशन २ बाजारात आले, तेव्हा जपान सरकारने त्याच्या निर्यातीवर बंधन घातले; कारण त्यातील चित्रे हाताळण्याची शक्ती क्षेपणास्त्रांच्या कामीही येऊ शकेल, अशी शंका होती. मुलांच्या खेळण्याला परदेशी जाण्यासाठी सरकारी परवाना लागावा, हे नवलच.

इलिनॉय येथील संचाने मार्ग दाखविला, पण त्याच्या मर्यादाही उघड केल्या. कागदावरच्या हिशेबाने त्याचा वेग सेकंदास जवळजवळ पन्नास हजार कोटी क्रियांचा होता. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक यंत्रात स्मृती अवघी ३२ मेगाबाइट. मोठे गणित तीत मावेना. पहिलवान बलदंड, पण त्याची झोळी मुठीएवढी, असा प्रकार झाला.

नोव्हेंबर २००६ मध्ये जपान आणि अमेरिका येथे 'प्लेस्टेशन ३' विक्रीस आले. त्याच्या पोटात 'सेल' नावाची एक नवी चिप होती. सोनी, तोशिबा आणि आय. बी. एम. या तीन कंपन्यांनी २००१ सालापासून अमेरिकेतील ऑस्टिन शहरी एकत्र बसून ती घडविली होती आणि त्यासाठी ४० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्चण्याचे ठरविले होते. या चिपची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. तीत एक मुख्य प्रोसेसर आणि त्याच्या हाताखाली आठ मदतनीस. लग्नघराचा दाखला पुढे चालवावयाचा, तर एक मुख्य आचारी आणि आठ लाटणारे. आचारी काम वाटून देतो. लाटणारे मुकाट्याने तेच ते काम विलक्षण वेगाने करीत राहतात. एकेक मदतनीस सेकंदास अडीच हजार कोटींहून अधिक क्रिया करू शके.

आठ मदतनीस म्हटले खरे, पण शास्त्रज्ञांच्या वाट्याला सहाच येत. चिप तयार करताना तीत एखादा दोष राहून जातो. आठांपैकी एक मदतनीस निकामी निघाला, तर सारी चिप फेकून देणे परवडणारे नव्हते. म्हणून कंपनीने सर्वच खेळयंत्रांत सात मदतनीस चालू ठेवून आठवा बंद केला. उरलेल्या सातांपैकी एक यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठी राखून ठेवलेला असे. राहिले सहा. या सहांनाही एक अडचण होती. प्रत्येकाच्या जवळ स्वतःची अशी स्मृती केवळ २५६ किलोबाइट, म्हणजे लाटणाऱ्यापुढे एक छोटीशी परात. तिच्यात मावेल तेवढीच कणीक घ्यावयाची, लाटावयाची, आणि पुन्हा कोठाराकडे धाव घ्यावयाची. ही ने-आण कशी करावी, हे आज्ञावली लिहिणाराने आपल्या हाताने ठरवून द्यावे लागे. साध्या संगणकावर चालणारी आज्ञावली उचलून सेलवर ठेवली, तर ती रांगत चाले. तीच नव्याने, सहा परातींचा विचार करून लिहिली, तर ती धावे. यंत्र स्वस्त मिळाले, पण त्याची किंमत बुद्धीच्या श्रमाने चुकवावी लागली, असे म्हटले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट शास्त्रज्ञांच्या पथ्यावर पडली. सोनी कंपनीने या यंत्रात दुसरी कार्यप्रणाली बसविण्याची सोय आपण होऊन ठेवली होती. मालकाने लिनक्स बसवावी आणि खेळयंत्राचा संगणक करावा, यास कोणतीही आडकाठी नव्हती. २००७ च्या आरंभीच उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक म्युलर यांनी आठ प्लेस्टेशन ३ जोडून एक संच तयार केला. खर्च काही हजार डॉलर. यंत्रातील स्मृती अपुरी आहे, हा दोष त्यांनीही मोकळेपणाने सांगितला.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ येथील शाखेत आणखी एका संशोधकाचे लक्ष या खेळयंत्राकडे वळले. गौरव खन्ना हे त्यांचे नाव. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये शिकून ते पुढील अध्ययनासाठी अमेरिकेस गेले होते. त्यांचा विषय कृष्णविवरांचा. कृष्णविवर म्हणजे जेथून प्रकाशही बाहेर निसटू शकत नाही, इतके प्रबळ गुरुत्वाकर्षण असलेला आकाशातील प्रदेश. एखादे प्रचंड कृष्णविवर आणि त्याच्याभोवती घिरट्या घालीत हळूहळू त्याच्या जबड्यात जाणारे एखादे लहान कृष्णविवर, अशी जोडी असली, तर तिच्यापासून गुरुत्वाकर्षणाच्या लहरी निघतात. तळ्यात दगड पडल्यावर तरंग उठावेत, तशा त्या अवकाशात पसरत जातात. त्या लहरी कशा असतील, हे खन्ना गणिताने शोधीत होते. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून निघणारी ही समीकरणे हाताने सुटत नाहीत. ती संगणकाने पायरी पायरीने सोडवावी लागतात. या शोधाचे महत्त्व असे की, लहर पृथ्वीपर्यंत पोहोचते तेव्हा ती कमालीची क्षीण झालेली असते. ओळखीच्या माणसाची हाक जत्रेच्या गलबल्यातही ओळखू येते, अनोळखी माणसाची येत नाही. तसेच लहरींचा आकार आधी गणिताने ठाऊक असेल, तर ती गोंगाटातून वेचून काढणे सोपे जाते. अशी लहर प्रत्यक्ष टिपण्यात पुढे १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेस प्रथम यश आले. महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ याच जातीची वेधशाळा उभारण्यास भारत सरकारने २०२३ साली मंजुरी दिली.

खन्ना यांस एकेका गणनेसाठी मोठ्या महासंगणकावर वेळ विकत घ्यावा लागे आणि त्यापायी संशोधनाच्या अनुदानातील हजारो डॉलर जात. त्यांचे विद्यापीठ काही श्रीमंत नव्हते. त्यांनी सोनी कंपनीस आपला बेत कळविला. कंपनीने चार यंत्रे देणगी म्हणून दिली. आणखी चार विकत घेतली गेली. आठ काळी खेळयंत्रे एका मांडणीवर बसली आणि खन्ना यांनी त्यांस 'ग्रॅव्हिटी ग्रिड', म्हणजे गुरुत्वजाल, असे नाव दिले. त्यांच्या विशिष्ट गणितासाठी ही आठ यंत्रे मोठ्या महासंगणकाच्या सुमारे दोनशे प्रोसेसरांची जागा घेऊ शकली. येथे 'विशिष्ट' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यांचे गणित पोळ्यांच्या जातीचे होते. ते वाटून देता येत होते आणि यंत्रांना आपापसांत फार बोलावे लागत नव्हते. पुढे यंत्रांची संख्या सोळा झाली, आणि त्यांवर केलेल्या गणनांच्या आधारे शोधनिबंधही प्रसिद्ध झाले. आता रांग नाही, अर्ज नाही. रात्री गणित लावावे, सकाळी उत्तर पाहावे, आणि चुकले तर पुन्हा लावावे. संशोधकाच्या दृष्टीने ही मोकळीक वेगाइतकीच मोलाची होती.

इतर ठिकाणीही असे संच उभे राहिले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठात दोनशे प्लेस्टेशन ३ यंत्रांचा संच गुप्तलेखनाच्या अभ्यासासाठी वापरला जाई. संगणकांच्या जाळ्यावरून पैशाचे व्यवहार करताना पलीकडचा माणूस खरा की तोतया, हे पटविण्यासाठी एक प्रकारची ओळखपत्रे वापरतात. त्या ओळखपत्रांचे रक्षण करणारी एक जुनी गणिती युक्ती किती कच्ची आहे, हे डिसेंबर २००८ मध्ये काही देशांच्या संशोधकांनी मिळून याच यंत्रांच्या साहाय्याने सिद्ध केले. त्यांनी खोटे ओळखपत्र प्रत्यक्ष बनवूनच दाखविले. अर्थात कोणास फसविण्यासाठी नव्हे, तर घराचे कुलूप तकलादू आहे, हे मालकास वेळीच कळावे म्हणून.

सर्वांत वेगळा प्रयोग मात्र यंत्रे एकत्र न आणताच झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेला 'फोल्डिंग ॲट होम' नावाचा एक उपक्रम आहे. शरीरातील प्रथिनांचे लांबलचक रेणू दोऱ्याच्या गुंडीसारखे ठरावीक आकारात दुमडले जातात. ते चुकीचे दुमडले तर काही रोग उद्भवतात. हे दुमडणे कसे होते, याची गणना करण्यासाठी मार्च २००७ पासून घरोघरची प्लेस्टेशन ३ यंत्रे उपयोगात आणली गेली. खेळ संपला, मुले झोपली, की यंत्राने विद्यापीठाकडून गणिताचा एक तुकडा मागून घ्यावयाचा, तो सोडवून परत पाठवावयाचा आणि दुसरा मागावयाचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये ही योजना थांबली, तोपर्यंत दीड कोटींहून अधिक लोकांनी तीत भाग घेतला होता. आपल्या दिवाणखान्यातील खेळणे रात्रभर रोगसंशोधनाचे काम करीत आहे, या जाणिवेने किती मुले समाधानाने झोपली असतील!

या साऱ्या प्रयोगांना आकाराने मागे टाकणारा संच अमेरिकेच्या वायुदलाने उभारला. न्यूयॉर्क राज्यात रोम नावाचे गाव आहे. तेथे वायुदलाची संशोधनशाळा आहे. डिसेंबर २०१० मध्ये तेथे सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ यंत्रे जोडून तयार केलेला 'काँडोर' हा महासंगणक कामास लागला. काँडोर हा गिधाडाच्या जातीचा, उंचावरून टेहळणी करणारा पक्षी. उपग्रहांनी आणि विमानांनी घेतलेली छायाचित्रे व रडारच्या प्रतिमा स्पष्ट करणे, त्यांतील वस्तू ओळखणे, ही या संगणकाची कामे. वेग सेकंदास ५०० लाख कोटी क्रियांचा, आणि खर्च सुमारे वीस लाख डॉलर.

त्याच्या दोन वर्षे आधी, २००८ मध्ये, लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत आय. बी. एम. कंपनीने 'रोडरनर' हा महासंगणक बसविला होता. सेकंदास १००० लाख कोटी क्रियांची मर्यादा ओलांडणारा जगातील तो पहिला संगणक. त्याच्या हृदयस्थानी सेल चिपचीच सुधारलेली आवृत्ती होती. अशा बारा हजारांहून अधिक चिपा त्यात होत्या. त्याचा खर्च मात्र दहा कोटी डॉलरांच्या वर गेला होता. म्हणजे निम्मा वेग पन्नासाव्या हिश्शाहून कमी पैशांत मिळाला, असे कोणी म्हणेल. पण ही तुलना सरळ नाही. खेळात सात अंकांपर्यंत अचूक असलेले उत्तर पुरते. राक्षसाची तलवार केसाएवढी बाजूला सरकली तर कोणास कळत नाही. अनेक शास्त्रीय गणितांना मात्र पंधरा-सोळा अंकांची अचूकता हवी असते. अशी सूक्ष्म गणिते करावयास लावली, म्हणजे प्लेस्टेशन ३ मधील मदतनिसाचा वेग सुमारे चौदाव्या हिश्शावर येई. रोडरनरमधील चिप याच कामासाठी सुधारलेली होती आणि त्याचा वेग सूक्ष्म गणितांतच मोजलेला होता. पितळेची तोळ्यांत आणि सोन्याची तोळ्यांत मोजणी होते, एवढ्यावरून दोहोंचा भाव एक होत नाही.

तरीही खेळयंत्र स्वस्त होते, हे निर्विवाद. ते इतके स्वस्त का होते? अमेरिकेत त्याची आरंभीची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर अशी होती. जाणकारांच्या अंदाजाप्रमाणे ते तयार करण्यासच त्याहून दोन-तीनशे डॉलर अधिक लागत. कंपनी प्रत्येक यंत्र तोट्यात विकीत होती. हा वेडेपणा नव्हता. दिवा स्वस्तात विकावा आणि तेलावर नफा काढावा, तसा हा व्यवहार होता. एकदा यंत्र घरी आले, की मुले वर्षानुवर्षे नवे नवे खेळ विकत घेतात, आणि प्रत्येक खेळाच्या किमतीतील काही भाग कंपनीच्या पदरी पडतो. दिव्याचा तोटा तेलातून भरून निघतो. शास्त्रज्ञाने मात्र दिवे नेले आणि तेलाचा एक थेंबही घेतला नाही! खन्ना यांच्या सोळा यंत्रांची गोष्ट वेगळी. त्यांतून कंपनीची कीर्तीच वाढली. पण वायुदलाने सतराशे यंत्रे नेली आणि खेळ एकही नेला नाही, तर दुकानदाराच्या कपाळी आठी पडणारच.

पण दार बंद झाले त्यास सांगितलेले कारण हे नव्हते. सप्टेंबर २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ ची सडपातळ नवी आवृत्ती आली, तिच्यात दुसरी कार्यप्रणाली बसविण्याची सोयच नव्हती. २०१० च्या आरंभी एका तरुणाने याच सोयीचा उपयोग करून यंत्राची आतील कुलपे उघडण्याचा मार्ग शोधला. तसे झाले तर खेळांच्या चोरट्या प्रती चालू लागतील, हे भय होते. १ एप्रिल २०१० रोजी कंपनीने सुरक्षिततेचे कारण देऊन एक नवी आज्ञावली प्रसृत केली. ती बसविली की जुन्या यंत्रांतूनही लिनक्सची सोय नाहीशी होई. न बसविली, तर जाळ्यावरून इतरांशी खेळता येत नसे. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा एक गुण विक्रेत्याने मागाहून काढून घ्यावा काय, यावरून अमेरिकेत खटला उभा राहिला. तो काही वर्षे चालला आणि शेवटी तडजोडीने मिटला.

जोडसंगणकांवर याचा परिणाम एका रात्रीत झाला नाही. काँडोरच्या यंत्रांना जाळ्यावर खेळावयाचे नव्हते. त्यांच्यात नवी आज्ञावली बसविली नाही, की ती पूर्ववत चालत. अडचण निराळीच होती. यंत्र बिघडले तर त्याच्या जागी नवे आणावे कोठून? दुकानात मिळणारे नवे यंत्र लिनक्स स्वीकारीत नव्हते, आणि दुरुस्तीस पाठविलेले यंत्र दाराला कुलूप लावूनच परत येण्याचा संभव होता. वाडा तर उभा राहिला, पण त्याच्या विटा भाजणारी भट्टीच बंद झाली. ज्यांनी विटा जपून ठेवल्या होत्या, त्यांचे काही वर्षे चालले. खन्ना यांनी वायुदलाच्या संशोधनशाळेशी संबंध जोडला आणि तिच्याकडून शंभराहून अधिक जुनी यंत्रे मिळविली. इतकी यंत्रे एकत्र चालली म्हणजे उष्णता फार होते, आणि ती थंड ठेवण्यास लागणारी सोय यंत्रांहून महाग पडते. त्यावर त्यांनी तोडगा काढला तोही त्यांच्या पद्धतीस शोभणारा. नाशवंत माल थंड ठेवून जहाजांतून व मालमोटारींतून वाहून नेण्यासाठी मोठमोठे शीतपेटारे असतात. तसला एक पेटारा मिळवून २०१४ च्या सुमारास त्यांनी आपली खेळयंत्रे त्यात रचली. ज्या पेटाऱ्यातून एरवी दूध आणि फळे जावयाची, त्यात कृष्णविवरांची गणिते चालू लागली.

तोपर्यंत काळ पुढे सरकला होता. रोडरनर ३१ मार्च २०१३ रोजी बंद करण्यात आला. नवे संगणक तितक्याच विजेत अधिक काम करीत होते. त्याच वर्षी आलेल्या 'प्लेस्टेशन ४' मध्ये सेल चिप नव्हती, आणि लिनक्ससाठी दारही नव्हते. शास्त्रज्ञांना आता त्याची उणीव फारशी भासली नाही. कारण खेळांच्याच कृपेने दुसरी एक वस्तू त्यांच्या हाती आली होती. संगणकाच्या पडद्यावर चित्रे रेखाटण्यासाठी 'ग्राफिक्स कार्ड' नावाची पाटी असते. तीतील चिपमध्ये मदतनीस आठ नव्हेत, शेकडो असतात. २००७ पासून एनव्हिडिया या कंपनीने या चिपांवर चित्रांखेरीज इतर गणिते करण्याचे साधन शास्त्रज्ञांसाठी खुले केले. हे दार चुकून उघडे राहिलेले नव्हते. ग्राहक मिळावेत म्हणून ते मुद्दाम उघडलेले होते. नोव्हेंबर २०१० च्या यादीत चीनचा 'त्यान्हे-१ए' हा महासंगणक जगात पहिला आला, त्यात अशा सात हजारांहून अधिक चिपा होत्या. पुढे यंत्रास भाषा, चित्रे व आवाज ओळखावयास शिकविण्याचे काम याच जातीच्या चिपांवर होऊ लागले. खन्ना यांनीही नंतर लहानशा उपकरणांसाठी बनविलेले, कमी वीज खाणारे प्रोसेसर जोडून नवा संच तयार केला. तोही बाजारातील स्वस्त वस्तूंचाच.

अभ्यास

१. लहान विद्यापीठातील संशोधकास महासंगणक वापरताना कोणत्या अडचणी येत?

२. 'पोळ्यांसारखी गणिते' आणि 'पुरणासारखी गणिते' यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा. प्रत्येकी एक उदाहरण आपल्या घरातील वा शेतातील कामांतून द्या.

३. सेल चिपमध्ये आठ मदतनीस असूनही शास्त्रज्ञांस सहाच का मिळत?

४. 'शास्त्रज्ञाने मात्र दिवे नेले आणि तेलाचा एक थेंबही घेतला नाही!' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. काँडोर आणि रोडरनर यांच्या वेगांची तुलना सरळ का नाही?

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पथ्यावर पडणे, कपाळी आठी पडणे, डोळ्यांसमोर आणणे, पदरी पडणे.

७. विकलेल्या वस्तूतील एखादी सोय कंपनीने मागाहून काढून घेणे योग्य की अयोग्य? वर्गात दोन्ही बाजूंनी चर्चा करा.